दिवसा सांगितलेली गोष्ट

प्रयाग,

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. टाळायला फार कष्टही पडले नाहीत. आधी पोरं लहान होती, मग सुशीला अंथरुणावर होती, मग कोर्टातली नोकरी होती. ती सुटली तेव्हा म्हटलं, आता म्हातारपणी तुला कशाला त्रास. माणसाला टाळायचंच असलं की सबबी आपल्या पायांनी चालत येतात.

परवा तुझा दहावा झाला. गोदावरीच्या काठाला पिंड मांडले आणि कावळा येईना. समोरच्या बाभळीवर कावळे चांगले बसलेले होते, पण खाली उतरत नव्हते. ऊन चढलं. चुलतभाऊ बळीराम म्हणाला, "बाईची काईतरी इच्छा राह्यली असंल. बोला कुणीतरी." विलास पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "आत्या, तुझ्या झाडाला मी पाणी घालीन." कावळा हलला नाही. मंगल म्हणाली, "आत्या, तुझ्या गोष्टी माझ्या नातवंडाला सांगीन." तरी नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे गेलो, हात जोडले, आणि तोंडातून एक शब्द निघाला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि त्याच्याकडून पिंड शिवून घेतला.

तू तिथं असतीस तर पोरांना म्हणाली असतीस, "अशा येळंला घरूनच गवताचा कावळा करून न्यावा. खऱ्याच्या भरवशावर माणसं उन्हात बसवू नये."

परत येताना जीपमध्ये बळीराम सगळ्यांना सांगत होता, "भाऊ असावा तर असा. बहिणीला जन्मभर सांभाळलं, एका शब्दानं दुखवलं न्हाई." बाकीचे माना हलवत होते. मी बाहेरच्या उसाकडे तोंड वळवलं. त्यांना वाटलं, मी रडतोय. मी रडत नव्हतो. तुझ्या माघारी माझं जे कौतुक चाललं होतं ते मला ऐकवत नव्हतं. ते तसंच राहू दिलं तर उद्या माझ्याही दहाव्याला लोक तेच सांगतील. म्हणून लिहायला बसलो आहे.

घरात अजून तुझेच धडे चालू आहेत. काल विलासच्या हातून बादली विहिरीत पडली, तर सूनबाई आतून म्हणाली, "दोरी बांधा आधी, देवी काय रिकामी बसली न्हाई." आणि म्हणून झाल्यावर तिथंच चुलीपाशी डोळ्याला पदर लावून बसली. लाकूडतोड्याची कुऱ्हाड पाण्यात पडते तेव्हा इतर घरांत पोरांना प्रामाणिकपणा शिकवत. तू म्हणायचीस, "दांडा बराबर ठोकला असता तर कुऱ्हाड पडली असती का? सोन्या-चांदीचं मागून बघू."

गोष्टी सगळ्यांच्याच होत्या, धडे तुझे होते. भोपळ्यात बसून घरी निघालेल्या म्हातारीला वाघानं हटकलं, तर ती आतून उत्तर देते. तू म्हणायचीस, "लपायचं तर तोंड मिटून लपावं. घनसावंगीच्या जीपमधी पाहा, जो जास्त बोलतो त्याच्याच मांडीवर दुसऱ्याचं लेकरू येतं." उंदरानं राजाच्या दारात बोंब मारून आपली टोपी परत मिळवली, त्याचा धडा, "काम अडलं तर रोज दारात जाऊन उभं राहावं. राजाबी कंटाळतो." राक्षसाचा जीव पोपटात असतो त्या गोष्टीला म्हातारपणी तू नवीन शेपूट जोडलंस. "जीव कुठं ठेवला ते कुणाला सांगू नये. बीपीच्या गोळ्या कुठं ठेवल्या ते मात्र घरात सगळ्यांना सांगावं."

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, म्हणून बाकी कुठल्या घरात भर दुपारी गोष्ट नसायची. तू शेवया वळता वळता सांगायचीस. सुशीला खाटेवरून ओरडायची, "वन्सं, माझा भाऊ यायचा हाय आज." तू मान वर न करता म्हणायचीस, "वहिनी, तुमचा भाऊ येष्टीनं येतो. वाट चुकायची तर ड्रायव्हर चुकंल." सुशीलाला हसलं की सांधे दुखायचे. ती हसायची आणि कण्हायची, दोन्ही एकदमच.

आपलं एक भांडण मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही. पावसात शेणाचं घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दारात येऊन उभा राहतो, आणि ती आतून त्याला थांब म्हणते. बाळाची अंघोळ, काजळ, पाळणा, सगळं उरकते, पण दार उघडत नाही. मी नेहमी चिमणीची बाजू घ्यायचो. म्हणायचो, तिच्या घरात लेकरू होतं, शंभर कामं होती, तिनं काय करावं? तू म्हणायचीस, "न्हाई घ्यायचं तर न्हाई म्हणून सांगावं की. तो दुसरं घर बघंल. दारातल्याला ताटकळत ठेवायचं पाप कशाला?" मग मी चप्पल घालून बाहेर निघून जायचो. तुला वाटायचं, हरलो म्हणून चिडलो. पोरंही टाळ्या वाजवायची.

मी चिमणीची बाजू का घेत होतो ते आज सांगतो.

तुझं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवरा तापानं गेला. आईवडील आधीच गेले होते, म्हणून तू अंबडला माझ्याकडे आलीस. मंगलच्या वेळी सुशीलाचे सांधे धरले ते सुटलेच नाहीत. तू न सांगता चूल हातात घेतलीस, पोरं घेतलीस, सुशीलाला कुशीवर वळवायचं काम घेतलंस. मी सकाळी कोर्टात जायचो तेव्हा डबा तयार असायचा. डबा कुणी केला हा विचार करायची मला कधी गरजच पडली नाही.

अशात हसनाबादचे पाहुणे आले. तू त्यांना विसरली नसशील. मोसंबीच्या कलमांची रोपवाटिका होती त्यांची. बायको वारली होती, एक लहान मुलगी होती. कोर्टातल्या एका ओळखीच्या पक्षकारानं तुझं नाव सुचवलं होतं. आषाढात ते आपल्या मावशीला घेऊन आले, आणि पेढ्यांऐवजी मोसंबीचं एक कलम घेऊन आले. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी, त्यांनी स्वतःच्या हातानं ते लावलं. तू कळशी आणलीस. ते म्हणाले, "जादा पाणी घालू नका, मुळं कुजतील." तू म्हणालीस, "आमच्यात पाहुण्याला जादाच वाढतात. कुजला तर त्याचं नशीब." ते मोठ्यानं हसले, चिखलाचे हात तसेच वर धरून. तुझ्या बोलण्यावर पोरं हसायची, सुशीला हसायची. असा परका माणूस, तुझ्याकडे बघत, मन मोकळं करून हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. तूही कळशी उचलायची विसरलीस.

जाताना ते मला म्हणाले, "घाई न्हाई. बाईंचा इचार घ्या, त्यांचा. मी नवरात्रात येतो."

मी तुला विचारलं. तू म्हणालीस, "दादा, तू म्हणशील तसं." एवढंच. पण प्रयाग, तुझं उत्तर मला त्या वाक्यातून कळलं नाही, गोष्टींतून कळलं. त्या श्रावणात तू पोरांना एक नवीनच सावत्र आई सांगायला लागलीस. ती पोरीला उपाशी ठेवत नव्हती, जंगलात सोडत नव्हती. तिची वेणी घालायची, आणि वेणी घट्ट झाली की पोरगी ओरडायची, बस एवढाच तिचा छळ. विलास म्हणाला, "आत्या, सावत्र आई वाईट असती." तू म्हणालीस, "गोष्ट पोरीकडून सांगितलेली हाय ना, म्हणून. सावत्र आईला कुणी हुंकाराच दिला न्हाई. एखांदीनं तरी मन लावून सैपाक केला असंल की." मी ओसरीवर कोर्टाचे कागद चाळत बसलो होतो. मला सगळं ऐकू आलं, आणि सगळं समजलं.

समजलं म्हणूनच भीती वाटली. तू गेल्यावर सकाळची चूल कोण पेटवणार? सुशीलाला कोण वळवणार? मंगल तुझा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपत नव्हती. मी स्वतःला सांगायला लागलो, आपल्यात दुसरं लग्न कुठं करतात, गाव काय म्हणेल. खरं तर आपल्याच चुलत आत्याचं दुसरं लग्न झालं होतं आणि गावानं पंगतीत जिलबी खाल्ली होती. गावाचा काही संबंध नव्हता. मला माझं घर चालू ठेवायचं होतं.

नवरात्रात तू पोरांना घेऊन देवीच्या डोंगरावर गेली होतीस. सुशीलाचा नुकताच डोळा लागला होता. दारावर हाक आली. पाहुणे उभे होते, आणि त्यांचं बोट धरून मुलगी. नवा फ्रॉक, तेल लावून चापून बसवलेले केस, दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या उंचीवर बांधलेल्या रिबिनी. बापानंच बांधल्या असणार. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामा, पाणी."

येताना एसटीत त्यांनी तिला शिकवलं असेल, दारात कोण भेटेल आणि त्याला काय म्हणायचं.

मी पाणी आणलं. उंबऱ्याच्या आत उभं राहून दिलं. त्यांना 'आत या' म्हटलं नाही. पाहुण्यांना म्हणालो, "प्रयागचं मन न्हाई. तिनं साफ सांगितलं."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. मग म्हणाले, "बाई सोता बोलल्या?"

मी म्हणालो, "हो."

"मंग ठीक हाय. त्यांच्यावर जोर न्हाई." मुलगी घोट घोट पाणी पीत होती, तिचं संपेपर्यंत ते थांबले. पेला माझ्या हातात देताना म्हणाले, "त्या कलमाला बुडातून फुटवे येतील, जंबेरीचे. खालचा खुंट जंबेरीचा असतो, आंबट लिंबाचा. ते फुटवे खुडत जा म्हणावं बाईंना. न्हाईतर मोसंबी मरून जाईल अन् जंबेरीच राहील."

ते वळले. मुलीनं जाता जाता दोनदा मागं पाहिलं. मी दार लावून घेतलं आणि कडीवर हात ठेवून उभा राहिलो. वाटेत तुमची गाठ पडली तर काय, एवढीच एक धास्ती होती. गाठ पडली नाही. तू प्रसादाचा नारळ घेऊन आलीस, कपाळाला कुंकू नव्हतं पण चेहरा उजळलेला होता. मी पेला विसळून जागेवर ठेवला होता.

दिवाळी झाल्यावर तू एकदाच विचारलंस. पीठ मळत होतीस. "दादा, ते हसनाबादचे पाहुणे यायचे होते ना?"

मी म्हणालो, "त्यांचं दुसरीकडं जमलं म्हणतात."

तुझे हात थांबले नाहीत. "बरं झालं," तू म्हणालीस. "पोरीला आई भेटली."

कोर्टात आयुष्यभर मी पाहिलं, ज्याच्या नावाचा पुकारा झाला नाही त्याच्याविरुद्ध निकाल देता येत नाही. घरात मी तुला पुकारा न करताच निकाल दिला. आणि दोन्ही पक्षांना सांगितलं, समोरच्यानंच माघार घेतली.

त्यानंतर ती वेणी घालणारी सावत्र आई गोष्टीत पुन्हा आली नाही. मंगलनं बरेच दिवस मागितली. तू म्हणायचीस, "ती गेली तिच्या गावाला." चिमणीची गोष्टही कधीकधी बदलायची. तेव्हा चिमणी दार उघडं टाकून बसायची आणि कावळाच यायचा नाही. पोरं विचारायची, मग धडा काय? तू म्हणायचीस, "वाट पाहायची असंल तर हातात काम घेऊन पाहावी. तेवढेच पापड होतात." पोरं हसायची. मी ओसरीवरून उठून जायचो.

फुटव्यांचा निरोप मी तुला देऊ शकलो नाही. दिला असता तर तू विचारलं असतंस, ते कधी आल्ते? मी स्वतः खुडायला हवे होते, पण तू आसपास असायचीस, आणि त्या झाडाजवळ जायला माझे पाय धजत नव्हते. बुडातून फुटवे आले, जोमानं वाढले, काटे आले. तुला वाटलं झाड लागलं. तू कौतुकानं आळं करायचीस, शेणखत घालायचीस. मोसंबीची काडी त्यात कधी वाळून गेली ते कुणाला कळलंही नाही. फळं धरली तेव्हा तू पहिलं कापलंस, जिभेला लावलंस आणि डोळे मिटून घेतलेस. जंबेरी होती, आंबटढाण. मग तू पदरानं हात पुसलास आणि म्हणालीस, "बारशाला मोसंबीला बोलावलं अन् जंबेरीच येऊन बसली पाटावर. आता आलीच हाय तर मीठ आणा." तेव्हापासून दर वर्षी तू तिचं लोणचं घालायचीस. दर वर्षी पहिली फोड माझ्या ताटात वाढायचीस. मी ती खात आलो.

तू दुःखात राहिलीस असं मी म्हणत नाही. तसं म्हणायचाही मला हक्क नाही. तू हसलीस, भांडलीस, गल्लीतल्या निम्म्या पोरांना तू वाढवलंस. सुशीला गेली ती तुझ्या मांडीवर डोकं ठेवून, आणि शेवटचं नाव तिनं तुझं घेतलं, माझं नाही. विलास माझ्यापेक्षा तुझ्यासारखा बोलतो. मंगल सासरी निघाली तेव्हा माझ्या पाया पडली आणि तुझ्या गळ्यात पडली. हे घर तुझ्यामुळं उभं राहिलं, हे मी कुणापुढेही सांगेन. पण हे सगळं मला तुझ्याकडून मागून घेता आलं असतं. तू कदाचित दिलंही असतंस. मी मागितलं नाही, दार लावून ठेवून घेतलं.

सुशीलाच्या भावाला पोरं मामा म्हणायची. मला या जगात त्या एका मुलीनं, एकदाच, मामा म्हटलं. वाट तिची मी चुकवली.

तुला कळलं होतं का? हा प्रश्न आता मला सोडत नाही. तू खाटेला खिळलीस तेव्हाची ती दुपार. मी पायाशी बसलो होतो. तू म्हणालीस, "दादा, आज तू गोष्ट सांग. मी हुंकारा देते."

मी म्हणालो, "दिवसा? मामा वाट चुकंल."

तू म्हणालीस, "ज्यानं चुकायची त्यानं कव्हाच चुकली. सांग तू."

मी चिमणीचीच काढली. वाटलं, गोष्टीच्या आडून का होईना, सांगून टाकू. "एक चिमणी होती, एक कावळा होता."

"हूं."

"पाऊस पडला. कावळ्याचं घर वाहून गेलं."

"हूं."

"कावळा चिमणीच्या दारात आला. चिमणी घरी नव्हती."

तू हुंकारा दिला नाहीस. मी वर पाहिलं. मनातून मला वाटत होतं, तू झोपली असावीस. तू जागी होतीस. माझ्याकडेच बघत होतीस, रागानं नाही, आपण पाढे म्हणणाऱ्या पोराकडे बघतो तसं, आता पुढचं येतंय का.

"झोपलीस का?" मी विचारलं.

"न्हाई. ऐकून राह्यले. मंग?"

मी म्हणालो, "मंग पाऊस थांबला. कावळा त्याच्या घरी गेला."

तू छताकडे नजर वळवलीस. मग म्हणालीस, "हूं. अन् धडा?"

"काई न्हाई. धडा न्हाई या गोष्टीला."

तू हसलीस, खोकला येईपर्यंत हसलीस. "धडा न्हाई अशी गोष्ट मी पैल्यांदाच ऐकली, दादा. इचार कर. मंग सांग मला."

तेवढ्यात सूनबाई पेज घेऊन आली आणि मी जागा करून द्यायचं निमित्त करून उठलो. त्यानंतरही तू होतीस. रोज सकाळी मी तुझ्या उशाशी बसायचो. नळाला पाणी आलं की नाही ते सांगायचो, कापसाला भाव नाही ते सांगायचो. तू ऐकायचीस. मग एका सकाळी तू ऐकणंही बंद केलंस.

नदीवर सगळे माझ्याकडे बघत होते आणि बाभळीवर कावळे बसून होते, तेव्हा मला जे बोलता आलं नाही ते हेच.

हुंकारा नसला की गोष्ट पुढं न्यायची नसते, हे तूच शिकवलंस. तरी आज नेतो. तू इचार करून सांग म्हणालीस, मी इचार केला.

कावळा आल्ता, प्रयाग. बोलल्यावाणी नवरात्रात आल्ता, पोरीला घेऊन. चिमणी घरी नव्हती. दारात तिचा भाऊ उभा होता, अन् तिच्या तोंडचं 'न्हाई' त्यानंच सांगून टाकलं. फुटवे खुडायचा निरोपबी होता तुझ्यासाठी, तो मीच गिळला.

धडा एवढाच हाय. माझं चुकलं, बाई. मला माफ कर.